पतीचा अपराध आणि पत्नीची जमीन

(लेखक : एक निवृत्त महसूल कारकून, गागोदे बुद्रुक, तालुका पेण)

बी-बियाणे, खते, कीड आणि बाजारभाव यांविषयी या मासिकात दरमहा पुष्कळ उपयुक्त मजकूर येत असतो. प्रस्तुत लेखाचा विषय शेतातील पिकाचा नसून शेताच्या कागदांचा आहे. प्रश्न असा की, घरातील कर्त्या पुरुषावर फौजदारी आरोप येऊन त्याच्या मिळकतीवर सरकारची जप्ती आली, तर त्याच्या पत्नीच्या हिश्श्याचे काय होते? आणि तो हिस्सा न्यायाने तिचाच असेल, तर तो राखावयाचा कसा?

सरळ मार्गाने शेती करणाऱ्या गृहस्थास असे वाटेल की, हा प्रश्न चोरांचा व तस्करांचा आहे, आपला नव्हे. आमचेही पूर्वी असेच मत होते. परंतु आपल्याच तालुक्यातील पेण अर्बन को-ऑपरेटिव्ह बँक २०१० साली बुडाली, आणि शेजारच्या पनवेल येथील कर्नाळा नागरी सहकारी बँकेचा परवाना रिझर्व्ह बँकेने २०२१ च्या ऑगस्ट महिन्यात रद्द केला. या दुसऱ्या प्रकरणात सक्तवसुली संचालनालयाने सुमारे २३४ कोटी रुपयांची मिळकत जप्त केल्याचे त्याच वर्षी जाहीर झाले. आज शेतकरी केवळ शेतकरी राहिलेला नाही. तो पतपेढीचा संचालक असतो, कोणाच्या ठेव योजनेचा प्रतिनिधी असतो, जमिनीच्या सौद्यात भागीदार असतो, अथवा त्याचा मुलगा सरकारी नोकरीत असतो. यांपैकी एका जागी पाय घसरला, तर चौकशी घराच्या उंबरठ्यापर्यंत येते. आणि घरातील स्त्रीस त्या व्यवहाराचा पुष्कळदा गंधही नसतो.

आम्ही स्वतः या बाबतीत एकदा चुकलो, ते प्रथम सांगितले पाहिजे. नोकरीच्या काळात एका तालुक्याच्या कचेरीत एक बाई आमच्याकडे आल्या. त्यांचे यजमान एका ठेव योजनेच्या प्रकरणात अडकले होते. बाईंच्या नावावर दोन शेते होती व ती जप्त होणार अशी गावात कुजबूज होती. आम्ही सात-बारा पाहिला आणि मोठ्या विश्वासाने सांगितले, “बाई, दोन्ही गटांवर नाव तुमचे आहे, यजमानांचे नाही. तुम्ही निर्धास्त असा.” पुढे त्यांस नोटीस आली. आमच्या शब्दावर भरवसा ठेवून त्यांनी ती फडताळात ठेवून दिली. उत्तराची मुदत टळली आणि दोन्ही शेतांवरील जप्ती कायम झाली. त्या प्रकरणाचा शेवट लेखाच्या अखेरीस सांगू. येथे एवढेच नमूद करितो की, आमचे सांगणे साफ चुकीचे होते, आणि ते का चुकीचे होते हे समजावून देण्याकरिताच हा लेख लिहिला आहे.

जप्ती आणि सरकारजमा

हे दोन शब्द लोक एकाच अर्थाने वापरितात, परंतु कायद्यात त्यांत मोठे अंतर आहे. जप्ती म्हणजे मिळकत आहे तेथे अडकवून ठेवणे. मालकी जात नाही. मात्र ती मिळकत विकता येत नाही, गहाण ठेविता येत नाही, कोणास बक्षीसही देता येत नाही. सरकारजमा होणे म्हणजे मालकीच जाणे. पहिल्या अवस्थेत बोलण्यास जागा असते, दुसरीत ती फारच थोडी उरते. म्हणून पत्नीचे जे काही म्हणणे असेल, ते पहिल्या अवस्थेतच मांडिले गेले पाहिजे.

पूर्वीचा कायदा फार कठोर होता. १८६० च्या भारतीय दंड संहितेच्या ६१ व ६२ या कलमांत काही गुन्ह्यांबद्दल अपराध्याची मिळकत शिक्षा म्हणून सरकारजमा करण्याची तरतूद होती. ती कलमे १९२१ साली रद्द झाली. इंग्लंडात अपराध्याचे सर्वस्व हरण करण्याची रूढी त्यापूर्वीच, १८७० साली, कायद्याने बंद झाली होती. कारण उघड आहे. अपराध एकाचा, शिक्षा एकास व्हावयाची, आणि भिकेस लागावयाचे साऱ्या कुटुंबाने, हे न्यायास धरून नव्हते.

पुढे जप्तीची ही पद्धत निराळ्या तत्त्वावर परत आली. १९७६ साली तस्करांच्या मिळकतीसंबंधीचा साफेमा कायदा झाला. अमली पदार्थांविषयीच्या १९८५ च्या कायद्यात १९८९ साली याच धर्तीचे प्रकरण घातले गेले. ठेवीदारांच्या रक्षणाकरिता महाराष्ट्राने १९९९ चा कायदा केला, ज्यास लोक एमपीआयडी म्हणतात. मनी लाँडरिंगचा २००२ चा कायदा १ जुलै २००५ पासून अमलात आला. आणि १ जुलै २०२४ पासून जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी जी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली, तिच्या कलम १०७ ने साध्या फौजदारी न्यायालयासही गुन्ह्यातून झालेली मिळकत जप्त करण्याचा अधिकार दिला.

जुन्या व नव्या कायद्यांतील फरक नीट ध्यानात घ्यावा. जुना कायदा विचारी, “मनुष्य अपराधी आहे काय?” नवा कायदा विचारितो, “या मिळकतीत घातलेला पैसा कोठून आला?” पहिल्या प्रश्नास पत्नीजवळ उत्तर नव्हते. दुसऱ्या प्रश्नास असू शकते. सर्व लेखाचे सार या एका वाक्यात आहे. मात्र येथे एक सावधगिरी सांगणे जरूर आहे. मनी लाँडरिंगच्या कायद्यात गुन्ह्यातून मिळालेल्या मिळकतीच्या व्याख्येत तिच्या किमतीइतकी दुसरी मिळकतही येते. म्हणजे गुन्ह्याचा पैसा खर्चून गेला असल्यास आरोपीच्या जुन्या व स्वच्छ जमिनीवरही तेवढ्या किमतीपुरती टाच येऊ शकते. तेव्हा पतीचे व पत्नीचे जे एकत्र मिसळले असेल, त्यात पत्नीचे कोणते हे वेगळे दाखविता येणे दुप्पट महत्त्वाचे ठरते.

पत्नीचा हिस्सा म्हणजे कोणता?

लोकांत अशी समजूत आहे की, लग्न लागले म्हणजे नवऱ्याच्या मिळकतीत बायकोचा अर्धा वाटा झाला. महाराष्ट्रात हिंदू कुटुंबांस लागू असलेल्या कायद्यात असे नाही. पती जिवंत असेपर्यंत त्याच्या स्वकष्टार्जित जमिनीत पत्नीची मालकी नसते. तिला पोटगीचा व राहण्याचा हक्क आहे, परंतु तो हक्क म्हणजे मालकी नव्हे.

आपल्या शेजारी गोव्यात मात्र गोष्ट निराळी आहे. तेथे १८६७ चा पोर्तुगीज नागरी कायदा १८७० पासून लागू झाला, व त्यातील कुटुंबविषयक नियम पुढेही चालू राहिले. लग्नापूर्वी निराळा करार केलेला नसल्यास तेथे पतिपत्नींची मिळकत एकत्र होते आणि दोघांचा त्यात निम्मा निम्मा भाग असतो. वारसाहक्काविषयीचा गोव्याचा नवा कायदा २०१२ साली मंजूर होऊन २०१६ साली अमलात आला, त्यातही हे तत्त्व राहिले आहे. आयकराच्या कायद्यातही अशा पतिपत्नींचे काही उत्पन्न निम्मे निम्मे धरण्याची तरतूद आहे. म्हणून गोव्यातील पत्नी “माझा अर्धा भाग” असे म्हणू शकते, तसे पेण किंवा रोहे येथील पत्नीस म्हणता येत नाही. आपल्याकडे पत्नीचा हिस्सा लग्नाने होत नाही; तो निराळ्या मार्गांनी होतो. ते मार्ग येणेप्रमाणे :

पहिला, माहेरची मिळकत. महाराष्ट्रात १९९४ च्या दुरुस्तीने व सबंध देशात २००५ च्या दुरुस्तीने मुलीस वडिलोपार्जित मिळकतीत मुलाप्रमाणे जन्मतः हक्क मिळाला. पतीच्या अपराधाशी या मिळकतीचा तिळमात्र संबंध नसतो, म्हणून पत्नीची याहून निर्मळ मिळकत दुसरी नाही. परंतु आपल्या बाजूस काय घडते हे आम्ही तीस वर्षे पाहिले आहे. बाप वारला की बहिणींस तलाठ्याकडे बोलावितात, हक्कसोडपत्रावर सह्या घेतात, साडीचोळी करितात, आणि विषय मिटला असे समजतात. ज्या दिवशी ती बहीण अशी सही करिते, त्या दिवशी तिच्या हातातील सर्वांत भक्कम आधार जातो. भावांनी व वडिलांनी याचा विचार करावा.

दुसरा, स्त्रीधन. लग्नात व पुढे मिळालेले दागिने, भांडी व रोकड ही स्त्रीची पूर्ण मालकीची असून पती त्यांचा केवळ सांभाळ करणारा असतो, असे सर्वोच्च न्यायालयाने प्रतिभा राणी यांच्या खटल्यात १९८५ साली स्पष्ट केले. दागिने मोडून जमीन घेतली असेल तर तीही तिचीच. मात्र सोनाराची पावती पाहिजे.

तिसरा, स्वतःची कमाई. पेण व हमरापूर येथे कितीतरी स्त्रिया गणपतीच्या कारखान्यांत काम करितात, काहींचे स्वतःचे लहान कारखाने आहेत. कोणी दूध घालतात, कोणी शिक्षिका आहेत, कोणी बचत गटातून व्यवसाय करितात. ही कमाई कायद्याने तिची आहे. दोष एवढाच की, ती बहुधा नवऱ्याच्या खात्यात जमा होते.

चौथा, वाटपाचा हिस्सा. मिताक्षरा पद्धतीप्रमाणे पत्नीस स्वतः वाटप मागता येत नाही. परंतु पती व मुलगे यांच्यात वाटप झाले तर तिला मुलाइतका हिस्सा मिळतो. असा हिस्सा, तसेच पतीने रीतसर बक्षीस दिलेली मिळकत, १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याच्या कलम १४ अन्वये तिच्या पूर्ण मालकीची होते. मात्र वडिलोपार्जित व एकत्र जमिनीतील आपला न वाटलेला हिस्सा पतीस बक्षीस देता येत नाही. आधी वाटप, मग बक्षीसपत्र, हा क्रम आहे.

नाव नातलगाचे, पैसा कोणाचा?

आता आमची चूक कोठे होती ते पाहू. आपल्याच कोकणातील खेड तालुक्यात मुंबके नावाचे गाव आहे. दाऊद इब्राहिम याच्या कुटुंबाचे ते मूळ गाव. तेथील शेतजमिनी त्याच्या आईच्या नावावर होत्या. साफेमा कायद्याखाली त्या सरकारजमा होऊन त्यांचे लिलाव २०२० च्या नोव्हेंबरात व पुन्हा ५ जानेवारी २०२४ रोजी झाले. या दुसऱ्या लिलावात १७० चौरस मीटरहून थोड्या अधिक क्षेत्राच्या तुकड्याची किमान किंमत १५,४४० रुपये ठेविली होती आणि बोली गेली २ कोटी १ लाख रुपयांपर्यंत. मुंबईतील नागपाडा भागातील मिळकतींसाठी त्याच्या आईच्या व बहिणीच्या वतीने चाललेले अपील सर्वोच्च न्यायालयाने २०१८ च्या एप्रिलमध्ये फेटाळले. सात-बारावर वा मालमत्तापत्रकावर नाव आईचे अथवा बहिणीचे आहे, एवढ्याने मिळकत वाचत नाही, हे यावरून दिसते. साफेमात नातलग या शब्दात पत्नी येते, आणि मिळकत गैरमार्गाची नाही हे सिद्ध करण्याचा भार त्या कायद्याने मिळकत बाळगणारावरच टाकिला आहे.

परंतु याची दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. याच कायद्याविषयी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी अमृतलाल प्रजीवनदास यांच्या प्रकरणात १९९४ साली निकाल दिला. त्याचा आशय असा की, नातलगांचा उल्लेख कायद्यात आहे तो अपराध्याने आपली मिळकत त्यांच्या नावावर दडविली असल्यास ती शोधून काढण्याकरिता. नातलगांची स्वतंत्र मिळकत ओढून घेण्याकरिता नव्हे. म्हणजे मिळकतीचा धागा अपराध्याच्या पैशापर्यंत पोचला पाहिजे. पत्नीने तो धागा आपल्या वडिलांच्या, आपल्या पगाराच्या किंवा आपल्या दागिन्यांच्या पैशापर्यंत नेऊन दाखविला, तर तिची मिळकत सुटते. पैशाचा काही भागच सिद्ध झाला व न सिद्ध झालेला भाग निम्म्याहून कमी असला, तर त्या भागाच्या किमतीच्या सव्वापटीहून किंचित कमी, म्हणजे १.२ पट, दंड भरून मिळकत राखण्याची मुभाही या कायद्यात आहे.

सर्वच देशांत निरपराध पत्नीस असा आधार होता असे समजू नये. अमेरिकेत मिशिगन राज्यातील एका स्त्रीची व तिच्या पतीची मिळून एक जुनी मोटार होती. पतीने तिच्यात बसून अपराध केला, पत्नीस त्याची खबरही नव्हती. तरी मोटार सरकारजमा झाली. पत्नीने आपल्या निम्म्या हिश्श्यासाठी थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत दाद मागितली, आणि १९९६ साली पाच विरुद्ध चार मतांनी ती हरली. पुढे २००० साली त्या देशाने कायदा करून संघराज्याच्या जप्तीपुरते निरपराध मालकास संरक्षण दिले. आपल्या कायद्यात पत्नीचे म्हणणे ऐकण्याची सोय आहे, हे आपले भाग्य. परंतु ते म्हणणे कागदासह मांडावे लागते.

नाव लावणे उपयोगाचे केव्हा?

पत्नीचे नाव जमिनीस लावण्याची चळवळ महाराष्ट्रात नवी नाही. शरद जोशी यांच्या शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्ती या नावाने ती चालविली, आणि १९९२ साली शासनानेही त्याच नावाने पतीच्या अर्जावरून पत्नीचे नाव सात-बारावर सहखातेदार म्हणून लावण्याची योजना काढिली. ही गोष्ट फार चांगली आहे, आणि शेतकऱ्यांनी तिचा लाभ घ्यावा. तथापि महसुली कामात आयुष्य घालविल्यामुळे एक गोष्ट आम्ही ठामपणे सांगतो. फेरफाराची नोंद म्हणजे मालकी नव्हे. जमीन महसूल संहितेच्या कलम १५७ प्रमाणे नोंद खरी मानली जाते, पण ती उलट पुरावा येईपर्यंतच. नोंदीने नवी मालकी निर्माण होत नाही व असलेली जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयानेही सांगून ठेविले आहे. खरी मालकी द्यावयाची तर नोंदलेले बक्षीसपत्र किंवा वाटपपत्र पाहिजे. पतीने पत्नीस शेतजमीन वा राहते घर बक्षीस दिल्यास त्यावरील मुद्रांक शुल्क महाराष्ट्राने २०१५ पासून २०० रुपये ठेविले आहे. नोंदणीचा व अन्य आकार निराळा. एवढ्या थोड्या खर्चात जे होते, ते करण्याचा आळस का करावा?

काहींस बेनामीची भीती वाटते. १९८८ च्या बेनामी कायद्यात २०१६ साली मोठी दुरुस्ती झाली. तिच्यातही पतीने आपल्या ज्ञात उत्पन्नातून पत्नीच्या नावे घेतलेली मिळकत बेनामी धरली जात नाही. येथेही शब्द ज्ञात उत्पन्न हाच आहे. पैसा कोठून आला हे सांगता आले पाहिजे.

आता एक कडू गोष्ट. चौकशीची चाहूल लागल्यावर काही गृहस्थ रातोरात सर्व जमीन बायकोच्या नावे करितात. आम्ही असे अनेक फेरफार पाहिले. हे संरक्षण नव्हे, हा स्वतःविरुद्ध तयार केलेला पुरावा आहे. सावकारास बुडविण्याच्या हेतूने केलेले हस्तांतरण रद्द करविता येते, हे १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरणाच्या कायद्यातही आहे. साफेमात नोटिशीनंतरचे हस्तांतरण जमेसच धरीत नाहीत. एमपीआयडी कायद्यात सद्भावाने व योग्य मोबदल्याने न झालेल्या हस्तांतरणाबद्दल घेणाऱ्याची तेवढ्या किमतीची मिळकत जप्त करण्याचा अधिकार न्यायालयास आहे. आणि मनी लाँडरिंगच्या कायद्यात गुन्ह्याचा पैसा जाणूनबुजून बाळगणे वा लपविण्यास साह्य करणे हाच गुन्हा असून त्यास तीन ते सात वर्षे सक्तमजुरी आहे. जमीन वाचवू पाहणाऱ्या पतीने अशा रीतीने पत्नीसही आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले, तर मुलांनी कोणाकडे पाहावे?

शांततेच्या काळात करावयाची कामे

संरक्षण जे व्हावयाचे ते घरात काही संकट नसतानाच होते. त्याकरिता पुढील गोष्टी कराव्या.

पत्नीचे बँकेतील खाते स्वतंत्र असावे. तिचा पगार, दुधाचे पैसे, माहेरचा मोबदला, बचत गटाची रक्कम ही त्याच खात्यात जमा व्हावी. तिच्या नावे जमीन घ्यावयाची असेल तर किंमत त्याच खात्यातून धनादेशाने विक्री करणारास द्यावी, आणि धनादेशाचा क्रमांक खरेदीखतात लिहवून घ्यावा. या एका ओळीचे मोल वीस वर्षांनी कळते.

खरेदीखत, बक्षीसपत्र, वाटपपत्र, वडिलांच्या मृत्यूनंतरचा वारस फेरफार, भूसंपादनाच्या निवाड्याची नक्कल, सोनाराच्या पावत्या, लग्नातील दागिन्यांची यादी, जुनी पासबुके यांचे एक पुडके करून ते पत्नीच्या स्वाधीन असावे. बँका जुने उतारे कायम ठेवीत नाहीत, म्हणून ते वेळीच मागून घ्यावे.

एकत्र जमिनीचे वाटप मनात आहे, परंतु पुढे ढकलीत आहोत, अशी स्थिती पुष्कळ घरी असते. जमीन महसूल संहितेच्या कलम ८५ प्रमाणे महसूल अधिकाऱ्याकडून अथवा नोंदलेल्या वाटपपत्राने ते करून घ्यावे. एका भावाच्या अपराधाने सर्व भावांच्या व भावजयांच्या जमिनीवर गोंधळ होण्यापेक्षा बांध वेगळे असलेले बरे.

आणि पतीने कोणत्याही संस्थेत संचालक, जामीनदार वा प्रतिनिधी होण्यापूर्वी पत्नीस तसे सांगावे. तिला कोऱ्या कागदावर अथवा न वाचता सही करावयास कदापि लावू नये. ज्या स्त्रीस संस्थेची भागीदार म्हणून कागदोपत्री दाखविले आहे, तिला आपण अजाण होतो हे सिद्ध करणे फार जड जाते.

नोटीस आल्यावर

नोटीस कितीही लहान दिसो, ती हाती पडली त्या दिवसाची तारीख पाकिटावर लिहून ठेवावी, आणि त्याच आठवड्यात वकिलाकडे जावे. निरनिराळ्या कायद्यांतील मुदती निरनिराळ्या आहेत.

आरोपी फरारी असल्यास न्यायालय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ८५ खाली जप्ती करिते. सारा देणारी जमीन असल्यास ही जप्ती जिल्हाधिकाऱ्यामार्फत होते, म्हणून तिची खबर आमच्या जुन्या खात्यातूनच गावात येते. सात-बाराच्या इतर अधिकार या रकान्यात काय लिहिले आहे, ते वर्षातून दोनदा तरी पाहावे. फरारी मनुष्याखेरीज ज्याचा त्या मिळकतीत हक्क असेल, त्याने जप्तीपासून सहा महिन्यांच्या आत हरकत घ्यावी. ती नामंजूर झाल्यास एक वर्षाच्या आत दिवाणी दावा करिता येतो.

कलम १०७ खालील कारणे दाखवा नोटिशीस अवघे १४ दिवस असतात. आरोपीची मिळकत दुसऱ्याच्या नावे आहे असे न्यायालयास वाटल्यास त्या दुसऱ्यासही नोटीस जाते. पत्नीस अशी नोटीस आल्यास एक दिवसही दवडू नये.

मनी लाँडरिंगच्या कायद्यात पहिली जप्ती १८० दिवसांपर्यंतची असते. संचालनालयाने ३० दिवसांच्या आत न्यायनिर्णय प्राधिकरणाकडे तक्रार करावयाची असते. मग प्राधिकरण मिळकतवाल्यास, ती कोणत्या उत्पन्नातून घेतली हे सांगण्यास, किमान ३० दिवसांची नोटीस देते. मिळकत एकाहून अधिक जणांच्या नावे असल्यास प्रत्येकास निराळी नोटीस दिली पाहिजे, असे कायदा सांगतो. जप्ती कायम झाल्यास ४५ दिवसांत अपील न्यायाधिकरणाकडे व त्याच्या निकालानंतर ६० दिवसांत उच्च न्यायालयाकडे जाता येते. सामान्य वाचकास ठाऊक नसलेली गोष्ट ही की, पहिल्या जप्तीच्या काळात शेताचा उपभोग घेण्यास, म्हणजे पेरणी व कापणी करण्यास, त्यात हितसंबंध असलेल्यास मनाई नसते. जप्तीची पाटी लागली म्हणून शेत पडीक टाकण्याचे कारण नाही. जप्ती कायम झाल्यावर ताबा घेण्याचा अधिकार सरकारास आहे खरा. पण खटल्याचा निकाल लागण्यापूर्वी तो अपवादानेच वापरावा, असे सर्वोच्च न्यायालयाने विजय मदनलाल चौधरी यांच्या प्रकरणात २७ जुलै २०२२ रोजी सांगितले आहे.

एमपीआयडी खाली विशेष न्यायालय जप्ती कायम करण्यापूर्वी संबंधितांस नोटीस देते. आणि जिला नोटीस पोचली नाही, परंतु त्या मिळकतीत जिचा हक्क आहे, तिलाही अंतिम हुकूम होण्यापूर्वी हरकत घेता येते.

त्या बाईंचे पुढे काय झाले?

त्या बाई मुदत टळल्यावर नोटीस घेऊन आमच्याकडे परत आल्या, तेव्हा आम्हांस त्यांच्याकडे वर पाहवेना. दोन्ही शेते कशी घेतली, असे त्या दिवशी आम्ही त्यांस प्रथमच विचारिले. हा प्रश्न आधी विचारला असता तर पुढील सारे टळले असते. पहिले शेत त्यांच्या वडिलांची जमीन रस्त्याकरिता संपादित झाली, त्या मोबदल्यातील त्यांच्या हिश्श्यातून घेतलेले होते. रक्कम यजमानांच्या खात्यात जाऊन तेथून विक्री करणारास गेली होती, म्हणून वरवर पाहता ती यजमानांचीच वाटे. त्यांच्या भावाने माहेरच्या पेटीतून निवाड्याची नक्कल व धनादेशाची खतावणी शोधून काढिली. वकिलाने विलंब माफीच्या अर्जासह अपील केले. चार वर्षांनी पहिले शेत मोकळे झाले. त्या चार वर्षांत त्या शेतावर त्यांस पीककर्ज मिळाले नाही, आणि मुलीचे शिक्षण दागिने मोडून करावे लागले.

दुसरे शेत यजमानांनी रोख पैसे देऊन बाईंच्या नावे घेतले होते. त्याचा एकही कागद निघाला नाही. ते गेले. बाई त्याविषयी कधी रडल्या नाहीत. एकदा एवढेच म्हणाल्या, “भाऊसाहेब, ते शेत माझे नव्हतेच. कोणा गरिबाने ठेवलेले पैसे होते ते.” पेण तालुक्यातील ज्या हजारो कुटुंबांनी ठेवींकरिता वर्षानुवर्षे हेलपाटे घातले, त्यांस या वाक्याचा अर्थ सांगावयास नको.

जप्तीचा कायदा असतो तो अशाच बुडालेल्यांकरिता, आणि पत्नीच्या नावाआड त्यांचा पैसा दडविण्यास साह्य होईल असे काही आम्ही येथे सांगितलेले नाही व सांगणारही नाही. परंतु जे तिचे आहे, ते पतीच्या पापाबरोबर वाहून जाऊ नये. घरी गेल्यावर सात-बारा उघडून आपल्या पत्नीचे नाव कोठे आहे ते पाहावे. आणि त्याहून अगत्याचे म्हणजे, त्या नावामागचा पैसा कोठून आला हे सांगणारा कागद तिच्या हाती आहे किंवा नाही, ते तिलाच विचारावे.